ब्लेझरचं अस्तर

शाळेच्या शेवटच्या दिवशी सगळा वर्ग एकमेकांच्या गणवेशांवर सह्या करत सुटला होता. ताई मात्र जिन्यापाशी अंग चोरून उभी होती. "ब्लेझरवर शाईचा ठिपका जरी दिसला तर बघ," आईनं सकाळीच बजावलं होतं. सुट्टीनंतर तो धाकटीच्या अंगावर चढणार होता. आणि धाकटीनं आतापासूनच घर डोक्यावर घेतलं होतं: "त्या शाळेत माझ्या ओळखीचं कुणी नाही, मी जाणार नाही!"

ताईनं हे सगळं सांगितल्यावर तिची वर्गमैत्रीण, शिंप्याची लेक, म्हणाली, "एवढंच ना? काढ इकडं." तिनं ब्लेझर उलटा केला. आतलं अस्तर पांढरंशुभ्र होतं. "बाहेरून आई बघणार. आत आपलं राज्य!"

मैत्रिणीनं ब्लेझर वर्गभर फिरवून आणला. घरी पोचल्यावर ताईनं दार लावून तो उलगडला. तिच्यासाठी त्यात एक अक्षर नव्हतं. तिचं तोंड एवढंसं झालं. मग ती वाचायला लागली. सगळं धाकटीला लिहिलेलं होतं.

"गणिताच्या बाई नुसत्या ओरडतात, घाबरू नकोस."

"खिडकीजवळचा तिसरा बाक धर, वारा येतो."

"डबा एकटीनं खायचा नाही. माझी बहीण सातवीत आहे, तिच्या शेजारी बस."

कॉलरखाली शिंप्याच्या लेकीचं ठसठशीत अक्षर होतं: "सध्या बाह्या लांब होतील, दुमडून घाल. आखूड झाल्या की माझ्याकडे ये, आत चार बोटं कापड आहे."