मुलानं फोडायचं भांडं

शवपेटी दारात ताटकळली होती. मुलानं मातीचं भांडं फोडल्याशिवाय ती उचलायची नाही, ही त्या चिनी गावची रीत. मुलगा होता मेलबर्नला. अकरा वर्षं लहानसहान स्पर्धांत झिजून वेईतोंग पहिल्यांदाच मोठ्या टेनिसस्पर्धेच्या मुख्य फेरीत पोचलेला, उद्या सामना. कळलं तर सगळं टाकून येईल, म्हणून बापानं आईचं जाणं त्याच्यापासून लपवलं. "दाजी, चेंडू माझ्या बहिणीहून मोठा झाला?" मेहुणा कडाडला. "तिनंच शपथ घातलीय रे." इतक्यात वेईतोंगचा फोन आला. बापानं हातानंच अंत्ययात्रेच्या सनईवाल्यांना थांबवलं. "बाबा, आईला द्या ना." "झोपलीय." "अजून? म्हातारी आळशी झाली!" बापाला फोन ठेववेना, पोरगा निदान कानानं तरी इथं असू दे. त्यानं भांडं उचललं, दगडावर आपटलं. "काय फुटलं?" "भांडं. हातून निसटलं." वेईतोंग हसला, "आता उठेल बघा आई, चांगलंच झापेल तुम्हाला!"