मागणी नसलेला उमेदवार
निवडणूक आली की आमच्या पुएब्ला शहरातल्या चोनामावशीच्या दुकानात राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार टांगलेले असतात. पोटात गोळ्या-चॉकलेटं भरलेले हे कागदी पुतळे वाढदिवसाला पोरांनी काठीनं बडवून फोडायचे, ही आमच्याकडची रीत. टीव्हीवर ज्याची जास्त टिंगल, त्याला जास्त मागणी. परवा एका उमेदवाराचा प्रचारप्रमुख आला. “आमचे साहेब कुठे दिसत नाहीत?” “त्यांना कुणी मागत नाही.” “अहो, शहरभर त्यांच्या जाहिराती लागल्यात.” “लागल्या असतील. पण बडवावंसं वाटायला आधी माणूस लक्षात राहावा लागतो.” तो जवळ सरकला. मग हळूच म्हणाला, “करा एक. दारातच टांगा.” मावशीनं मन लावून केला, मिशीसकट. आज तो पुन्हा आला आणि रिकामा खिळा बघून खुलला. “गेला ना? कुणाचा वाढदिवस?” “वाढदिवस कसला? साहेबांच्या आई घेऊन गेल्या. म्हणाल्या, माझ्या लेकाला कुणी मारायचं नाही.”