कवड्या

वृषालीची स्कूटी वस्तीवर वळली तेव्हा पिकअप चालू करून ठेवलेली होती. मागच्या हौद्यात गादी टाकून सोपानला बसवलं होतं. त्याच्या शेजारी नारळ आणि उदबत्तीचा पुडा.

"ताई, तू साप बघ आन सांग," सोपानचे वडील, गहिनीनाथ आबा म्हणाले. "मंग आमी निघतो."

वृषाली कोल्हारात ब्युटी पार्लर चालवते आणि साप पकडते. नवरीचा मेकअप अर्धा टाकून ती कुणाच्या तरी न्हाणीत धामण धरायला पळते, यावरून गावात तिची भरपूर चेष्टा होते. पण घरात साप निघाला की चेष्टा करणारेच आधी फोन लावतात. आज फोन केला होता तो सोपानच्या धाकट्या भावाने, नितीनने. पहाटे अंथरुणात सोपानच्या बोटाला काहीतरी चावलं होतं. मुंगळा असेल म्हणून तो कूस बदलून पुन्हा झोपला. उजाडल्यावर त्याची बायको कलाबाई वाकळ झटकायला गेली तर आतून साप पडला. बाई धीराची. तिने त्याच्यावर घमेलं पालथं घातलं आणि मगच ओरडली.

वृषालीने घमेलं उचललं. साप काळा, तुकतुकीत, अंगावर बारीक पांढरी कडी. कडी जोडीजोडीने होती आणि शेपटीकडे दाट होत गेली होती. तिने त्याला आकड्याने अलगद उचलून बरणीत सोडलं आणि झाकण फिरवलं.

"निघालात कुठं?" तिने विचारलं.

"म्हसोबाच्या ओट्यावर. जनावर जहरी असंल तर आमच्या घरात दुसरीकडं न्हेत न्हाईत. आमच्या बापाला त्यानंच वाचवलं. बिनइषारी असंल, तर मंग खुशाल दवाखान्यात न्या आन सुया टोचा. त्येवढ्यासाठी देवाला कशाला तरास द्यायचा?"

"मण्यार न्हाई ना, ताई?" कलाबाईने विचारलं. "चांगुणा आत्या मण्यारीनंच गेल्या. त्याच ओट्यावर. दुपार पण बघितली न्हाई."

"माझ्या भैनीचं आयुष्य त्येवढंच हुतं," आबा म्हणाले.

नितीन स्टिअरिंगकडे बघत राहिला. आबांपुढे बोलायची या घरात कुणाची टाप नव्हती. गेल्या साली वृषालीने शाळेत सापांवर कार्यक्रम केला, तेव्हा आबाच तिला चार शब्द सुनावून मधून उठून गेले होते.

वृषालीने बरणी उजेडात धरली. फिरवली. पुन्हा फिरवली. मग ती हसली.

"कवड्या आहे, आबा. घरात पाली खायला येतो. याला विषच नसतं."

कलाबाई मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. आबांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली. सोपान हसून म्हणाला, "म्या म्हनलंच हुतं, मुंगळा." मग त्याला मोठी जांभई आली.

"फक्त धनुर्वाताची सुई घ्यायची," वृषाली म्हणाली. "गंजका खिळा लागला तरी घेतो की नाही आपण? नितीन, मोठ्या दवाखान्यातच ने. डॉक्टर एकदा राऊंडला गेले की मग दुपारपर्यंत ताटकळत बसाल. रस्त्यात कुठं थांबू नकोस."

आता घाई कशाला, असं सगळ्यांच्या तोंडावर होतं. सोपान हौद्यातून उतरायला लागला.

"उतरू नका, दादा. पडून राहा. हात हलवू नका, नाहीतर सुई घेतल्यावर दंड चार दिवस दुखतो. बोटातली अंगठी काढून वहिनींकडे द्या, तिथं काढायला लावतात."

"लईच लाड चाललेत," सोपान म्हणाला, पण आडवा झाला. "बरं झालं. रातच्याला उसाला पानी धरलं हुतं, डोळेच उघडंना झालेत."

"चहा तरी घेऊन जाऊ द्या," कलाबाई आतून कप घेऊन आली.

"उपाशीपोटीच घ्यायची असते. तुम्ही मागं बसा त्यांच्याजवळ. बोलत राहा, झोपू देऊ नका. एवढा मोठा गडी दवाखान्यात उचलून कोण नेणार?"

कलाबाई हसली. हौद्यात चढायच्या आधी तिने घाईघाईने करंड्यातलं कुंकू वृषालीच्या कपाळाला लावलं आणि वाकून पायाला हात लावला. वृषालीपेक्षा ती दहा वर्षांनी मोठी होती. वृषालीने तिला खांद्याला धरून उठवलं.

"तुमचे उपकार कुठं फेडू, ताई?"

"आधी बसा गाडीत," वृषाली म्हणाली.

पिकअप धुरळा उडवत बांधावरून गेली. सोपानने पडल्यापडल्या चांगला हात वर करून निरोप दिला.

आबांनी तो नारळ आधीच काढून घेतला होता. दोन्ही हातांनी त्यांनी तो वृषालीपुढे धरला.

"म्हसोबाचा हाय. पन आज तू घे, पोरी. तुला शाळेत बोल्लो हुतो, त्ये मनात ठिवू नको. तू आली नसतीस तर आमी येड्यावानी देवाच्या दारात दिवसभर बसलो असतो."

वृषालीने नारळ कपाळाला लावला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आबा समाधानाने गोठ्याकडे गेले, आणि थोड्या वेळाने बादलीत धार पडल्याचा आवाज यायला लागला.

तिने नारळ आणि बरणी डिकीत ठेवली. किल्ली लावली, पण गाडी चालू केली नाही. मग ती स्कूटी ढकलत रस्त्यापर्यंत गेली, गोठा दिसेनासा झाल्यावर थांबली आणि तिने फोन लावला.

"सर, कोल्हारची वृषाली बोलतेय. एक पेशंट निघालाय, वीस मिनिटांत पोचेल. घरच्यांना वाटतंय धनुर्वाताची सुई घ्यायचीय, तसंच वाटू द्या. सापाची लस काढून ठेवा, व्हेंटिलेटर मोकळा ठेवा, पापण्या पडायला लागल्यात. मण्यार आहे."