गुलाबी पॅड

दहाला दोन मिनिटं कमी असताना काका ऑफिसातल्या कामांच्या बोर्डासमोर येऊन उभे राहिले आणि आधी त्यांनी आपल्या कामाचं कार्ड कुठे आहे ते पाहिलं. होतं तिथेच होतं. शेवटच्या रकान्यात, 'झालं' या शब्दाखाली, अंगावर नऊ लाल ठिपके घेऊन.

सकाळी कार्ड जागचं हललेलं दिसलं नाही, की त्यावर एक लाल ठिपका चिकटवायचा, असा या टीमचा नियम. इतरांच्या कार्डांवर तीनच्या वर ठिपके कधी गेले नव्हते. काकांच्या कार्डाला मात्र गोवर आला होता. सत्तेचाळीस वर्षांचा प्रोग्रामर, टीममध्ये सगळ्यांत मोठा, म्हणून सगळे त्यांना काका म्हणायचे. काकांना एखादी गोष्ट येत नसेल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तीच तर पंचाईत होती.

कार्डावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'दोन नर्सनी एकाच रुग्णाची नोंद एकाच वेळी उघडली, तर पहिलीने लिहिलेलं पुसलं जातं.' हॉस्पिटलांसाठीच्या सॉफ्टवेअरमधली ही चूक; नऊ दिवस काका हात धुऊन तिच्यामागे लागले होते. काल दुपारी त्यांनी प्रोग्राममधली एक ओळ बदलली आणि पुसलं जाणं थांबलं. का थांबलं, ते काही कळलं नाही. चाळीस वेळा करून पाहिलं, चाळीसही वेळा ठीक. मग त्यांनी कार्ड 'तपासणी'त सरकवलं, संध्याकाळी टेस्टरने ते 'झालं'मध्ये नेलं, आणि काका सुटल्यासारखे घरी गेले. रात्रभर मात्र कूस बदलत राहिले. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "एक तर झोपा, नाही तर मला तरी झोपू द्या."

आज सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी पुन्हा करून पाहिलं. त्रेपन्नाव्या वेळी पुसलं गेलं.

"चला, उभे राहा, पटापट," टीमचा लीड आला. काकांहून पंधरा वर्षांनी लहान, हातातल्या फोनवर रोजच्या उभ्या बैठकीसाठी पंधरा मिनिटांची घंटा लावलेली. "बाराला हे सगळं हॉस्पिटलांकडे जातंय. त्याआधी साहेब बोर्ड बघायला येताहेत."

बोर्डाखालच्या पट्टीवर गुलाबी चिठ्ठ्यांचं एक पॅड पडलेलं असे. काम अडलं तर काय अडलंय ते त्यावर लिहायचं आणि कार्डावर लावायचं, म्हणजे बाकीचे मदतीला धावतील. आठ महिन्यांत त्याचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला लीड ते पॅड कौतुकाने दाखवायचा. "आमच्याकडे काही अडतच नाही."

एकेक जण बोलू लागला. काल हे केलं, आज ते करणार, अडचण नाही. काल हे, आज ते, अडचण नाही. काका कधी या पायावर, कधी त्या पायावर. हातातल्या मार्करचं टोपण काढत होते, लावत होते.

मग टेस्टर. तिच्या 'तपासणी'च्या रकान्यावर ठळक अक्षरात 'दोनच' असं लिहिलेलं होतं. दोनपेक्षा जास्त कार्डं तिथे साठवायची नाहीत, त्यामुळे तिची जागा कधी रिकामी होते म्हणून सगळे तिच्या डोक्यावर बसलेले असायचे. "काल चार कार्डं संपवली," ती म्हणाली. "काकांचंही. पंचवीस वेळा पाहिलं, सगळं ठीक. अडचण नाही." एवढं बोलून ती आपल्या बुटांकडे पाहू लागली.

"काका, तुमचं तर झालंच!" लीड म्हणाला. "पुढे कोण?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. काकांना भीती वाटत होती, अगदी शाळेतल्या पोराला वाटावी तशी. ते पुढे झाले, 'झालं'मधलं आपलं कार्ड त्यांनी उपटलं आणि 'चालू'मध्ये नेऊन दाबून बसवलं.

"काका, आपण उलटं सरकवत नाही," लीड हसत म्हणाला.

"आज सकाळी पुन्हा पुसलं गेलं."

"एकदा ना? पुढच्या वेळी बघू. बाराला जातंय हो ते!"

"जायला नको. पहिल्या नर्सने दिलेलं इंजेक्शन दुसरीला दिसणार नाही. ती पुन्हा देईल." काकांचा आवाज चिरकला. "मला ते येत नाहीये. नऊ दिवस झाले, येत नाहीये आणि मी रोज इथे उभा राहून अडचण नाही म्हणतोय."

काकांनी गुलाबी पॅड उचललं. प्लास्टिक नखांनी फाटेना, तेव्हा त्यांनी ते सरळ दातांनी फाडलं. वरच्या चिठ्ठीवर लिहिलं: 'मला समजत नाही. कुणीतरी सोबत बसा.' लिहून चिठ्ठी कार्डावर चिकटवली. बोर्डावर ती दुरूनही दिसत होती.

लीडच्या हातातल्या फोनवरची घंटा वाजली. ती बंद करायचं त्याला सुचलं नाही. "आता मी साहेबांना काय सांगू?" तो म्हणाला.

"काका," टेस्टरने हात पुढे केला. काल आपणच 'झालं'मध्ये नेलेल्या उरलेल्या तीन कार्डांकडे ती बघत होती. "ते पॅड जरा इकडे द्या."