घरनी पोर

"तुन्ही वही आण वं," उमाकांत सर म्हणाले. "चंदनना अहवाल आजच धाडना शे. वहीमाईन उतारी टाक."

रिनाने वही आणली. नंदुरबारच्या या सीए ऑफिसात ती आर्टिकल म्हणून लागली, त्या पहिल्या दिवसापासून ही वही होती. तारीख, पक्षकार, काम, तास. सीएची इंटर परीक्षा पास झालेल्याला सीएच्या हाताखाली दोन वर्षं काम करावं लागतं. ते नोंदलं गेलं नाही, तर शेवटच्या परीक्षेचं दार उघडत नाही. निकाल लागायच्या आधीच तिने सगळे नियम वाचून ठेवले होते.

चंदन हा सरांचा भाचा. तोही आर्टिकलच, पण पुण्याला क्लासला. अकरा महिन्यांत ऑफिसात दोनदा आला, दोन्ही वेळा पेढे घेऊन.

सरांनी सीए संस्थेच्या पोर्टलवर स्वतःचं लॉगिन उघडलं, खुर्ची तिला दिली आणि समोर पेपर उघडून बसले. पडद्यावर दोन नावं होती. चंदनच्या पुढे 'नोंदणी मंजूर'. रिना दिवाल्या पावरा, हिच्या पुढे 'मंजुरीच्या प्रतीक्षेत'.

तिने पुन्हा वाचलं. फॉर्म तिने पहिल्याच आठवड्यात भरला होता. सरांनी फक्त एक बटण दाबायचं होतं. तिने दोनदा विचारलं, तेव्हा दोन्ही वेळा सर "व्हयी गये" म्हणाले होते.

"सर, माझी नोंदणी झालेली नाही."

"ऱ्हायी गयी व्हई." पेपर हलला नाही. "करी टाकसू. आजपाईन धरूत."

"आजपासून? मग हे अकरा महिने?"

"तू काय परकी शे का, माय? तू घरनी पोर. घरना माणूसले कागद कसाले लागस?"

"चंदन घरचा नाही का, सर? त्याचा कागद तिसऱ्या दिवशी झालाय. इथं तारीख आहे."

सरांनी पेपराची घडी घातली. अहिराणी संपली.

"हे बघ रिना, उलट उत्तरं मला चालत नाहीत. धडगावच्या पाड्यातून आलेल्या मुलीला इथं कोण घेणार होतं? उपकार मान. आणि तो अहवाल भर."

रिनाने वही उघडली. मे महिन्यात नवापूरच्या पोल्ट्रीत ऑडिटसाठी खाद्याची पोती मोजायला तीच गेली होती. पत्र्याखाली चार तास, नाकातोंडात पिसं आणि वर मालक भिलाभाऊची टिंगल: "सायेबले कोनी आदमी भेटना नही का?" त्या दिवसाचं पान तिच्या समोर उघडं होतं. आता तो दिवसही चंदनचा होणार होता.

ती सरळ बसली.

"भरते, सर."

"हां. असं शहाण्यासारखं वाग."

अर्धा तास ती मान वर न करता टाइप करत राहिली. एक ओळ वहीतून, एक नजर पडद्यावर. सरांनी चहा मागवला. तिलाही एक कप मागवला. तिचा कप तसाच राहिला, वर साय धरली.

"झालं का?"

"झालं. पाठवायचा ओटीपी मागवलाय, तुमच्या मोबाइलवर येईल. पण आधी वाचून घ्या. जबाबदारी तुमची असते."

तिने पडदा त्यांच्याकडे फिरवला. चंदनच्या अहवालात तीन महिन्यांची कामं तारीखवार मांडलेली होती. पोल्ट्री, जिनिंग, पतसंस्था, एकही सुटलं नव्हतं. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तीच दोन वाक्यं होती: 'काम रिना दिवाल्या पावरा हिने केले. चंदन गैरहजर.'

सर ओठ हलवत वाचू लागले. दुसऱ्या ओळीनंतर ते थांबले.

टेबलाच्या काचेवर मोबाइल थरथरला. सरांनी झटकन त्यावर पंजा ठेवला.

रिनाची बोटं कीबोर्डवर तयार होती.

"सहा आकडे आहेत, सर," ती म्हणाली. "सांगा."