तीन चाळीसची नोंद

कुडवा गावच्या रिंकी बिसेनची पाच महिन्यांची टीना दुपारी झोपली की लॅपटॉपवर रिंकीची संगणकाची शाळा भरायची. आज परीक्षा होती. कधी न पाहिलेल्या शहरातला एक बंद सर्व्हर इथूनच, एपीआयला, म्हणजे हुकूम सर्व्हरपर्यंत पोचवणाऱ्या निरोप्याला, हुकूम पाठवून, चारच्या आत चालू करायचा होता. जमलं तर घरबसल्या नोकरी. नाही तर सोमवारपासून लेकरू सासूजवळ सोडून नागपूर.

परवलीच्या अक्षरांची चावी जोडूनही दोन हुकूम नाकारले गेले होते. काय चुकतंय ते बघायला तिने सर्व्हरची नोंदवही मागवली. तिच्या दोन चुकांखाली तिसरी ओळ होती.

‘३.४० – रिंकी बिसेन – चावीच्या शेवटची रिकामी जागा काढली. सर्व्हर चालू.’

घड्याळात तीन चौतीस झाले होते.

“आई, लॅपटॉपले हात लावला का जी?”

“मी कायले लावू वं?” स्वयंपाकघरातून सासू, जमुनाबाई, बोलल्या. “मले गॅस पेटवता येते, तेवढंच बस!”

रिंकीने चावीची लांबलचक अक्षरं तपासली. शेवटी खरंच एक रिकामी जागा चिकटली होती. ती खोडते तोच टीना रडत उठली. तिला मांडीवर घेऊन, थोपटून, एका हाताने रिंकीने हुकूम पाठवला.

सर्व्हर चालू झाला. बरोबर तीन चाळीस.

रिंकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात नोंदवहीत आणखी एक ओळ उमटली. तारीख बावीस वर्षं पुढची होती.

‘टीना बिसेन – पहिलाच हुकूम. सर्व्हर चालू. आई शेजारी.’

मांडीवरची टीना लॅपटॉपच्या पडद्याकडे एकटक पाहत होती. ओळ संपली, तशी ती वाचल्यासारखी हसली.