धावपट्टीच्या अलीकडे

उकंडरावांचा प्रमोद विमान चालवायला शिकत होता. सरावाचं विमान कोसळलं आणि तो गेला. घरच्या कॉम्प्युटरवर, विमानाच्या सिम्युलेटरमध्ये त्याने सुट्टीत केलेलं एक उड्डाण तेवढं साठवलेलं राहिलं. त्याची आई, कोकिळाबाई, रोज सांजवात झाली की ते लावून बसे. पण धावपट्टी दिसू लागली की मेमरी अपुरी असल्याची सूचना येई आणि विमान तिथेच थिजे.

"लेकरू आभायातच अटकून राह्यलं हो," म्हणत ती उठे. ते उतरेपर्यंत एकच वेळ जेवायचं, असं व्रत तिने धरलं होतं.

मोताळा गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या प्रशांतने जुन्या फायली काढल्या, बाकीचे प्रोग्राम बंद केले, सगळं नव्याने टाकून पाहिलं. शेवटी म्हणाला, "काका, हे सिम्युलेटर लय खादाड हाय. रॅमची नवी पट्टी टाकाच लागते."

"टाक बाप्पा. तिच्या पोटात दोन घास तं जातील."

त्या संध्याकाळी विमान अलगद धावपट्टीवर टेकलं. वर्षभराने कोकिळाबाई रात्रीची जेवली.

तिसऱ्या दिवशी उकंडराव पुन्हा दुकानात.

"काय काका, उतरलं ना विमान?"

"उतरलं. पण थे पट्टी काढून घे बे."

"काऊन?"



"परवापासून फाटकातून हालूनच नाही राह्यली. म्हणते, विमान तं उतरलं, आता पोरगा येतच असंल."